पाहुण्यांच्या भाषणानंतरची दोन मिनिटं

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांचं आमचं मंडळ पुण्यातलं, पण माणसं सगळी तिकडची. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची आणि थोडी सोलापूरचीही, कारण सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधीच्या तिकडच्या पदव्यांवर शिक्का आमच्याच विद्यापीठाचा. नोकरीनिमित्त सगळे पुण्यात आलो, इथंच घरं झाली. दरवर्षी विद्यापीठाच्या स्थापनादिनाच्या, म्हणजे १८ नोव्हेंबरच्या, आगेमागे येणाऱ्या रविवारी एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेतो आणि शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या स्मरणाचा कार्यक्रम करतो. बऱ्याच वर्षांपासून मंडळाचा चिटणीस मीच आहे. तेव्हा पुढं कुठं पक्षपात दिसला तर तो चिटणिसाचा हक्क समजावा.

दीपप्रज्वलन, प्रतिमेला हार, ईशस्तवन, स्वागत, परिचय हे कुठंही होतं तसंच आमच्याकडं होतं. समई विझते म्हणून कुणीतरी पंखा बंद करतं आणि मग तो चालू करायचा सगळेच विसरतात. शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

पाहुणे दरवर्षी वेगळे असतात, भाषण साधारण तेच. ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी घेऊन विद्यापीठ सुरू झालं, सागरमाळावर साडेआठशे एकरांचा उजाड माळ होता, आप्पासाहेबांनी तपभर कुलगुरूपद सांभाळलं आणि त्या माळाचं नंदनवन केलं. ‘नंदनवन’ म्हटलं की मागच्या रांगेतले आमचे ‘कमवा आणि शिका’वाले एकमेकांकडं बघतात. झाडांना पाणी कुणी घातलं, बादल्या कुणी वाहिल्या हे त्यांच्या खांद्यांना ठाऊक. त्यातला एक जण तर दरवर्षी तोंडातल्या तोंडात “आम्ही केलं नंदनवन” असं पुटपुटतो. पण रोज ठरावीक तास काम करून ज्या विद्यार्थी भवनात राहून तो शिकला, त्याला आज नाव आप्पासाहेबांचंच आहे. त्यामुळं पुटपुटून झालं की सगळ्यांत मोठ्यानं टाळ्याही तोच वाजवतो.

मला खटकतं ते वेगळंच. आप्पासाहेब मुळात इतिहासाचा माणूस. राजाराम कॉलेजात त्यांनी इतिहास शिकवला होता. पाहुणे हे अर्ध्या वाक्यात उरकतात आणि परत इमारतींकडं वळतात. नव्या विद्यापीठाचा रगाडा काय असतो ते ज्यानं कुठल्याही कचेरीत नोकरी केलीय त्याला सांगायला नको. महाविद्यालयांची संलग्नता, परीक्षा, निकाल, अनुदान, बांधकामं, आणि वर पाच जिल्ह्यांतून येणाऱ्या तक्रारी. रत्नागिरीसुद्धा तेव्हा आपल्याकडंच होतं. हे सगळं निस्तरत असताना हा माणूस ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन करत होता. १९७० च्या मे महिन्यात विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासावर परिसंवाद झाला, त्यातले निबंधही १९७१ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली पुस्तकरूपानं आले. खुर्ची मिळाली की आधी वाचन सुटतं आणि मग लेखन, हे आपण एरवी किती पाहतो! म्हणून मला वाटतं की आप्पासाहेबांवर बोलायचं तर निम्मी वेळ या कागदांना द्यावी.

एवढ्यासाठीच एका वर्षी मी हट्टानं मोडीवाचन घालायला लावलं. कार्यकारिणीत विरोध झाला. लोक कंटाळतील, त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा ठेवा, असं एक जण म्हणाले (ते स्वतः गातात). पण आमच्यात एक निवृत्त शिक्षक उत्तम मोडी जाणतात. ते एका जुन्या पत्राची प्रत पडद्यावर मोठी करून दाखवतात. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू होता होईल तो न उचलता तिच्याखाली अक्षरं काढत जायची, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, एक शब्द संपून दुसरा कुठं सुरू झाला याचा पत्ता नाही. सर पट्टीचं टोक एका अक्षरावर ठेवतात, थांबतात, दोन अक्षरं मागं येतात, मान हलवतात, “हे ‘व’ नाही, ‘ब’ असणार” म्हणतात, आणि मग एकदम अख्खी ओळ सुटते. सभागृहातून “हाऽऽ” असा आवाज येतो. आजोबांनी ओढून आणलेली, कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली नातवंडंसुद्धा मान वर करतात. एका ओळीला एवढा वेळ लागतो म्हटल्यावर खंडच्या खंड काढायला काय लागलं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि औरंगजेबाशी झुंजत राज्य टिकवणारी, कोल्हापूरच्या गादीचा पाया घालणारी बाई असल्या अक्षरांतून बोलायला लागली की आमच्या तिकडच्या माणसांची छाती आपोआप पुढं येते. ऑर्केस्ट्राचा विषय परत निघालेला नाही.

आता हजेरीबद्दल. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं भरपूर, कार्यक्रमाची पत्रिका टाकली की अंगठ्यांचा पाऊस. रविवारी मात्र निम्म्या खुर्च्या मोकळ्या. कारणं पाठ झालीत. तुळशीची लग्नं उरकली की माणसांची सुरू होतात, मग कुणाच्या भाचीचं, कुणाच्या साडूच्या मुलाचं. कुणाला पार्किंग मिळत नाही. २०२२ ला विद्यापीठाचा हीरकमहोत्सव होता, त्या वर्षी मात्र उभं राहायला जागा नव्हती. फेटे होते, फोटो होते. फोटोतले निम्मे चेहरे मला त्यानंतर दिसलेले नाहीत. हडपसरहून दोन बस बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून येणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, ते दर वर्षी साडेनऊला हजर असतात. पार्किंगची तक्रार करणाऱ्यांनी एकदा त्यांच्या शेजारी बसावं.

त्याहून वाईट म्हणजे जे येतात त्यातलेही बरेच पाहुण्यांचं भाषण झालं की उठतात. बाहेर भाकरीचा वास सुटलेला असतो, रांग लागते. आणि आमचा खरा कार्यक्रम तिथून पुढं असतो. पत्रिकेत त्याला ‘सभासदांचे मनोगत’ एवढंच म्हटलेलं असतं, माणशी दोन मिनिटं.

साताऱ्याकडचे आमचे सुभेदार काका असतातच. पेन्शनीत आल्यावर त्यांनी बहिःस्थ परीक्षा देऊन बी.ए. केलं. माईक हातात आला की ते आपोआप सावधानमध्ये उभे राहतात. सांगतात ते असं: १८ नोव्हेंबर १९६२, रविवार. इकडं राष्ट्रपती राधाकृष्णन कोल्हापुरात विद्यापीठाचं उद्घाटन करत होते, आणि त्याच दिवशी लडाखात रेझांग ला इथं १३ कुमाऊँ या पलटणीची एक कंपनी चिनी फौजेशी लढत होती. त्याच आठवड्यात यशवंतराव महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. “देश असा पेटलेला असताना विद्यापीठ पुढं ढकललं नाही, बघा,” एवढं म्हणून काका खाली बसतात. स्वतःच्या पदवीबद्दल चकार शब्द नाही. मीच नंतर माईकवरून सांगतो, दर वर्षी. काकांना ते आवडत नाही.

आणि आक्का. कागलकडच्या एका गावातल्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या राहतात, त्यामुळं माईक दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो. “मला काही भाषण येत नाही,” असं म्हणतात आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगतात, बहुतेक त्याच शब्दांत. बी.ए. झाल्यावर एम.ए.साठी पुण्याला ठेवणं वडिलांच्या ऐपतीत नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ठेवलं नसतं. सागरमाळावर वर्ग भरतात हे कळल्यावर वडील म्हणाले, चल, बघून तर येऊ. माळावर एसटी थांबली, उतरणारी मुलगी ही एकटीच. तास संपेपर्यंत वडील एका बाभळीखाली बसून राहिले, डबा मांडीवर, न उघडता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाल्यावर कंडक्टरच म्हणाला, “आण्णा, तुमची शेती बुडंल आशानं. पोरीला मी उतरवतो, आन् मीच परत घेतो.” त्यानंतर त्याची ड्यूटी असेल त्या दिवशी आक्का स्टॉपवर दिसल्या नाहीत तर तो घंटी मारायचा नाही. गाडीतली माणसं ओरडायची, तो पायरीवर उभा राहून माळाकडं बघत बसायचा.

इथं आक्का नेहमी थांबतात. आप्पासाहेबांना त्यांनी पाहिलं ते लांबूनच, बोलणं कधी झालं नाही, हे त्या आवर्जून सांगतात. आमच्यातल्या काही जणांसारखी नसलेली ओळख लावत नाहीत. मग म्हणतात, “वडिलांना एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्यावर विद्यापीठ आणून ठेवलं त्यांनी. आणखी काय पाहिजे?” दोन मिनिटांची दहा झालेली असतात. घड्याळ बघणं माझं काम आहे, पण त्या वेळी मी बघत नाही.

पाहुण्यांच्या तासाभरात एकरांचे आणि इमारतींचे आकडे येतात, ते खोटे नाहीत. पण तपभराच्या कुलगुरूपदाचा अर्थ मला आक्कांच्या त्या कंडक्टरपासून लागायला सुरुवात होते. गुणपत्रिकेत नाव चुकलं तर आता सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, ही गोष्ट कुठल्या गौरवग्रंथात कुणी लिहीत नाही. आमच्या मनोगतांत ती पाच जण पाच तऱ्हांनी सांगतात, आणि ती ऐकायला सभागृहात चाळीस माणसं!

आता मदतनीस. नावं छापायची नाहीत असा मंडळाचा ठराव आहे, कारण एका स्मरणिकेत कुणाचं नाव आधी आणि कुणाचं नंतर यावरून झालेला रुसवा अजून पुरता निघालेला नाही. तेव्हा कामावरून ओळखून घ्यावं. सकाळी सातला सभागृह उघडून देणारे आणि खुर्च्यांवरची धूळ न सांगता पुसणारे शाळेचे मामा. दारातली रांगोळी काढणाऱ्या वहिनी, आणि ती पुसली गेल्यावर पुन्हा काढणारी त्यांची सून. ईशस्तवन म्हणणाऱ्या दोघी बहिणी. पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून आणून परत सोडणारे आमचे उपाध्यक्ष, पेट्रोलचे पैसे त्यांनी एकदाही घेतलेले नाहीत. पत्रिका कागदाच्या भावात छापून देणारे सांगलीचे प्रेसवाले. मोडीच्या पडद्याची वायर दर वर्षी नव्यानं जोडणारा खजिनदारांचा पुतण्या. स्वतः खजिनदार, ज्यांना वर्गणी मागताना लाज वाटते आणि म्हणून कमी पडलेले पैसे ते गुपचूप घालतात (हे त्यांना माहीत नाही की मला माहीत आहे). भाकरीवाल्या मावशी आणि त्यांच्या तिघी मदतनीस. आक्कांसमोर माईक धरून उभा राहणारा साउंडवाल्याचा मुलगा, जो कोल्हापूरचा नाही, आणि तरी आक्कांची गोष्ट संपेपर्यंत हात बदलत नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत पाणी पोचवणाऱ्या कमवा-शिकाच्या दोन तुकड्या. कुणी राहिलं असेल तर मला फोन करावा, मनात धरून बसू नये.

येत्या वर्षीचा क्रम मात्र मी बदलून घेतलाय, आणि बैठकीत तो मंजूरही झालाय. आधी मोडीवाचन, मग मनोगतं, आणि शेवटी पाहुणे. पाहुण्यांचा अपमान होईल असं दोघांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, त्यांनी ऐकून मग बोलावं, भाषण सुधारेल. मनोगतासाठी नावं आठवडाभर आधी द्यावीत. सुभेदार काका आणि आक्कांनी द्यायची गरज नाही. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. जेवण शाकाहारीच राहील, तांबड्या-पांढऱ्याची मागणी यंदाही फेटाळलेली आहे.