झिलाच्या डोळ्यात फूल पडलंय

मार्च ते मे या दिवसांत गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडून कोणी डोळा झाकून आलं, की मला पहिली शंका बुरशीची येते. काजूचा हंगाम. दिवसभर झाडाखाली वाकून बोंडू गोळा करायचे, त्यात एखाद्या काटकीचा फटका डोळ्याला बसतो आणि ओरखड्यात बुरशी धरते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडला की आगीत तेल. म्हणून रंग घालून तपासल्याशिवाय मी काही लिहून देत नाही, बाहेर कितीही रांग असली तरी.

साखळीच्या क्लिनिकमध्ये आलेला हा विशीतला मुलगाही बागेतूनच आला होता. डाव्या डोळ्यावर टॉवेल दाबलेला, सोबत आई आणि मामा. ‘झिलाच्या डोळ्यात फूल पडलंय,’ आईने दारातूनच सांगितलं. सकाळी डोळा खाजला, त्याने चोळला, पाण्याची धार लागली आणि बघता बघता सगळं धुरकट झालं. काजूचा चीक गेला, असा निकाल मामाने वाटेतच देऊन टाकला होता.

टॉवेल काढला तर बुबुळावर, मध्याच्या जरा खाली, दुधाळ पांढरा डाग. आईने तोंड फिरवलं. मी फ्लुरेसिनची नारिंगी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळा प्रकाश टाकला. जखम असती तर तेवढा भाग हिरवा उजळला असता. काहीच उजळलं नाही. आत पू नाही, तळाला साका नाही. मग स्लिट लॅम्पची प्रकाशाची चीर अगदी बारीक करून त्या डागावरून सरकवली. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तिथे दुप्पट जाड झाला होता आणि त्याच्या थरांमध्ये पाण्याचे खिसे तयार झाले होते. एरवी हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो.

चष्म्याचं विचारलं. होता, पण दर खेपेला तिरका नंबर वाढतो म्हणून त्याने तो खणात टाकला होता. आणि डोळे? लहानपणापासून खाजतात. कसे चोळतोस दाखव म्हटलं, तर त्याने मुठीची हाडं डोळ्याच्या खोबणीत रुतवून गरगर फिरवायला सुरुवात केली. मी हातच धरला.

केरॅटोकोनस. कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. फार ताणला गेला की त्याच्या आतल्या बाजूचा डेसिमेटचा पापुद्रा फाटतो आणि डोळ्यातलं पाणी कॉर्नियात शिरतं. याला हायड्रॉप्स म्हणतात. आईला मी एवढंच सांगितलं, की शेताची मेर फुटल्यावर पाणी आत शिरतं तसं झालंय. मेर आपोआप सांधते, पण वेळ लागतो. नुसत्या औषधांवर दोन ते चार महिने. फाटलेल्या जागेवर शेजारच्या पेशी सरकून येतात, पाणी आटतं, व्रण मात्र मागे राहतो.

औषधं साधीच: 5 टक्के मिठाचे थेंब, दिवसातून काही वेळा स्टेरॉइड, बाहुली सैल ठेवणारा थेंब. ‘मीठ तर घरातही आहे,’ मामा म्हणाला. घरचं मीठ डोळ्यात घालणार नाही, हे मी त्याच्याकडून तिथल्या तिथे वदवून घेतलं.

सूज मोठी होती म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरायचा पर्याय पुढे ठेवला. त्याने फाटलेला पापुद्रा आतून दाबला जातो आणि सूज काही आठवड्यांत उतरते. शेवटी नजर किती येईल त्यात मात्र फरक पडत नाही. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम दोनदा बोलतो, कारण लोक पहिलंच ऐकतात.

दुसऱ्या दिवशी पणजीला ऑपरेशनला घेतलं. सी-थ्री-एफ-एट गॅस शुद्ध स्वरूपात भरला तर डोळ्यात फुगून दाब वाढवतो, म्हणून 14 टक्क्यांवर आणायचा. 10 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये फिल्टरमधून 1.4 गॅस, उरलेली हवा. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. डोळ्याच्या पुढच्या खोलीत, म्हणजे कॉर्नियामागच्या पोकळीत, दोनतृतीयांश बुडबुडा भरला. पूर्ण भरला तर बाहुली अडते आणि दाब चढतो, म्हणून दोन तासांनी दाब मोजला, तो ठीक होता. मग पाठीवर झोपून राहायची ताकीद. मामाला बेळगावलाही एकदा दाखवून यायचं होतं. गॅस विरेपर्यंत विमान नाही आणि चोर्ला घाटही नाही, म्हटलं. उंचीवर बुडबुडा फुगतो.

खरा वाद पुढेच झाला, आणि तो उजव्या डोळ्यावरून. त्याला खाली बघायला सांगितलं, तर खालच्या पापणीची कड मधोमध टोकदार झाली. शंकू तिथेही होता, फक्त अजून फाटला नव्हता. स्कॅनमध्ये सर्वांत पातळ जागा 458 मायक्रॉन निघाली. शंकू वाढायचा थांबवणाऱ्या क्रॉसलिंकिंग या उपचाराला वरचा पापुद्रा काढल्यावर 400 तरी उरायला हवेत. आणखी वर्षभर चोळत राहिला असता तर ही संधीही गेली असती. ‘दुखतो तो डावा, आणि तुम्ही चांगल्या डोळ्याला हात लावायचं म्हणता?’ आईचा आवाज चढला. तिचं तरी काय चुकलं? पांढरा डोळा तिला दिसत होता, उजव्यातला धोका फक्त माझ्या स्क्रीनवर होता. मी तिला लेकासमोर उभं केलं, त्याला खाली बघायला लावलं आणि पापणीचं ते टोक दाखवलं. त्यानंतर ती काही बोलली नाही, तारीख मात्र घेऊन गेली.

डावा शांत झाल्यावर उजव्याचं क्रॉसलिंकिंग केलं: आधी रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब, मग अर्धा तास अतिनील प्रकाश. याने नंबर जात नाही, शंकू वाढायचा थांबतो. पुढच्या तपासण्यांत तो वाढलेला नाही. डाव्यात व्रण राहिला, पण त्याने कॉर्निया थोडा सपाट झाला आणि कडक लेन्स बसली. लेन्स घालून तो 6/18 पर्यंत वाचतो, म्हणजे निरोगी डोळा 18 मीटरवरून वाचतो ते तो 6 मीटरवरून. डोळारोपणाचं मामा दरवेळी विचारतो. आतला पापुद्रा फाटलेला असल्यामुळे वरचेच थर बदलणं अवघड होतं, बहुधा पूर्ण जाडीचा कॉर्निया बसवावा लागेल. घाई नाही.

खाजेचे थेंब चालू आहेत. हा आजार घरात पुढे चालू शकतो, म्हणून धाकट्या बहिणीलाही बोलावून घेतलं. तिचा स्कॅन स्वच्छ आहे. डोळे तीही चोळते, तेव्हा थेंब तिलाही दिलेत आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय.