एक्स-टेन: सात वाजता सिग्नल कोण खातं, ते सापडलं

सापडलं एकदाचं! एक्स-टेन म्हणजे घरातल्या विजेच्या तारांवरूनच दिव्यांना चालू-बंदचे सिग्नल पाठवायची पद्धत. संध्याकाळी सात वाजले की हॉलमधला एलएम-१२, म्हणजे ते सिग्नल ऐकणारा दिव्याचा मॉड्यूल, ठार बहिरा का होतो, याचं उत्तर आमच्या घरात नव्हतंच. ते जिन्यात होतं.

मागच्या नोंदीपर्यंत मी नॉइजच्या, म्हणजे लाइनवरच्या विजेच्या गोंगाटाच्या मागे धावत होतो. बीएलडीसी पंखे, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, आईच्या मालिकांच्या वेळी लागणारा सेट-टॉप बॉक्स, एकेक बंद करून पाहिलं. फरक शून्य. मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर डीबीजवळ (घरातल्या स्विचगिअरच्या पेटीजवळ) धरला तर खरखरसुद्धा नाही. म्हणजे लाइनवर नवा गोंगाट येत नव्हता, आपलाच सिग्नल कुणीतरी पीत होतं.

आयसोलेशन कपलरमधून, म्हणजे मेन्सपासून सुरक्षित वेगळं ठेवणाऱ्या जोडणीतून, स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला. दुपारी झिरो क्रॉसिंगवरचा (मेन्सचा व्होल्टेज शून्यातून जातो त्या क्षणाचा) तो १ मिलिसेकंदाचा, १२० किलोहर्ट्झचा एक्स-टेनचा पट्टा सहाशे मिलिव्होल्टच्या वर, ठसठशीत. सातनंतर जेमतेम चाळीस. वॉचमनकाकांना फोन करून मीटर रूममधला, जिन्या-पॅसेजच्या दिव्यांचा टायमर मिनिटभर बंद करायला लावला आणि पट्टा ताडकन उभा राहिला. त्या क्षणी मी एवढ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

सोसायटीने ट्यूबलाइट काढून २० वॉटच्या एलईडी बॅटन लावल्यात, एकूण चौदा. पॅसेजची फेज आणि आमची एकच. बदलून ठेवलेली एक बंद बॅटन उघडून पाहिली: ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) तोंडाशीच फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू कपॅसिटर, म्हणजे मेन्सवर थेट जोडायच्या सुरक्षित जातीचा. ५० हर्ट्झला तो ३२ किलोओमच्या घरात, कुणाच्या खिजगणतीत नाही. १२० किलोहर्ट्झला तोच १३ ओम. असे चौदा पॅरललमध्ये म्हणजे एक ओमच्या आत! वायरचं इंडक्टन्स धरलं तर आकडा थोडा वाढेल, पण सिग्नल पाठवणाऱ्या बिचाऱ्या सीएम-११ ने जोर तरी किती लावायचा?

इथे एक सांगतोच. वायरवर चिमट्यासारखे बसवायचे फेराइट यात काही कामाचे नाहीत. दोन्ही तारा त्यातून जातात, त्यामुळे ते फक्त कॉमन मोड, म्हणजे दोन्ही तारांत एकाच दिशेने वाहणारा गोंगाट अडवतात. आपला सिग्नल फेज-न्यूट्रलमध्ये असतो, तो त्यांना दिसतही नाही. आणि रेडीमेड ईएमआय (गोंगाट गाळणाऱ्या) फिल्टरच्या लाइनकडच्या बाजूला बहुतेकदा एक्स कपॅसिटरच बसलेला असतो. तो लावून पाहिला, सिग्नल आणखी खाली गेला.

उपाय म्हणजे आपला नेहमीचा एलसी ट्रॅप: कॉइल आणि कपॅसिटर पॅरललमध्ये जोडून लाइनच्या वाटेत बसवायचे, म्हणजे १२० किलोहर्ट्झ अडतो आणि मेन्सची वीज सरळ जाते. ०.१ मायक्रोफॅरड आणि साधारण १७.६ मायक्रोहेन्री. कॉइलचा कोअर (ज्यावर तार गुंडाळायची ती कडी) भंगारातल्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधला (पॉवर सप्लायमधला), पिवळा-पांढरा, फुकट. चौदा वेढे बसले. स्वस्तातला कॉम्पोनंट टेस्टर इथे ०.०२ मिलीहेन्री दाखवून हात वर करतो, त्याच्यावर विसंबू नका. सिग्नल जनरेटर आणि स्कोपवर पाहिलं तर ट्रॅपचं शिखर ११८ किलोहर्ट्झवर. वेढे बोटाने जरा फाकवले, आलं १२० वर. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! कपॅसिटर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. एका काउंटरवर ‘साहेब, सेमच आहे’ म्हणत साधा पॉलिएस्टर कपॅसिटर पुढे केला होता. अंगावर एक्स-टू आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलं दिसल्याशिवाय पैसे काढू नका.

ठरवलं होतं की ट्रॅप आमच्या मेनवर टाकायचा. पण तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी, एअर कंडिशनर चालू झाला की जास्त करंटने हा कोअर सॅच्युरेट होणार, म्हणजे चुंबकत्वाने भरून कॉइल निकामी होणार. मोठा कोअर, जाड तार, डीबीत जागा नाही… आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: ट्रॅप खाणाऱ्याच्याच दारात का नको? पॅसेजच्या चौदा बॅटन म्हणजे २८० वॉट. पॉवर फॅक्टर कितीही वाईट धरला तरी दोन-अडीच अँपिअर. टायमरनंतरच्या फेजमध्ये हाच छोटा ट्रॅप सिरीजमध्ये आरामात बसेल, आणि या फेजवरच्या सगळ्या घरांची लाइन मोकळी होईल. (एक्स-टेन वापरणारा बिल्डिंगमध्ये मी एकटाच, ते सोडा.)

सेक्रेटरीकाका म्हणाले, लेखी अर्ज द्या, आणि हात सोसायटीचा लायसन्सवाला वायरमनच लावेल. रास्त आहे. दिवे लागतानाच्या इनरशने (करंटच्या क्षणिक उसळीने) कोअर क्षणभर सॅच्युरेट झाला तर होऊ दे. रात्रभरच्या लोडवर तापतो का, एवढंच बघायचंय. त्यासाठी टेबलावर १०० वॉटचे जुने बल्ब जोडून ठेवलेत. आत्ता हात लावला तर कोअर जेमतेम कोमट आहे.