रंगमंचासाठी शिवायचं तर आधी माया शिका

लग्नाचे ब्लाउज उत्तम शिवणारे हात नाटकाच्या किंवा लावणीच्या कपड्यांत अडखळतात, याचं कारण साधं आहे. घरच्या गिऱ्हाइकाचं फिटिंग आरशासमोर सरळ उभं राहून बघितलं जातं. रंगमंचावरची नर्तिका बैठक मारते, गिरकी घेते, दोन्ही हात डोक्यावर नेते, आणि तोच कपडा पुढे शंभर प्रयोग वापरायचा असतो. मधे एखादी भूमिका दुसऱ्या कलाकाराकडे जाते, तेव्हा नवा ब्लाउज शिवायला वेळही नसतो.

म्हणून बाजूच्या शिवणीत प्रत्येक कडेला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, ठेवा. त्यातला एकेक इंच सोडला की दोन्ही बाजूंच्या चारही कडा मिळून छाती चार इंचांनी वाढते. अस्तरालाही तेवढीच माया हवी. नाहीतर वरचं कापड सैल होतं आणि अस्तर फाटतं. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतो त्या कापाच्या, गोलाईला कातरे देताना बगलेजवळ हात आखडता घ्या, कारण तिथे खोल कातरा गेला की ठेवलेली माया वाया जाते.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: हात उचलता यावा म्हणून मुंढा खोल कापायचा. होतं उलटंच. खोल मुंढ्यामुळे हात वर गेला की अख्खा ब्लाउज वर सरकतो. मुंढा बगलेला लागून ठेवा आणि खाली तीन-साडेतीन इंचांची चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घाला. जुन्या बंडीतला चौबगला हेच काम करत असे.

शिवलेल्या नऊवारीत खरी परीक्षा आसनाची, म्हणजे दोन्ही पायांमधल्या भागाची. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, पण ते कमी पडल्यामुळे काष्टा सहसा फाटत नाही. माप उभ्याने घेतल्यामुळे फाटतो. कमरेपासून पुढून दोन्ही पायांमधून मागे कमरेपर्यंतचं माप उभ्याने घ्या, मग पूर्ण बैठकीत पुन्हा घ्या, आणि शिवताना दुसरं धरा. चार शिवणी एकत्र येतात तिथे उरेब (तिरपी) कापलेली कळी लावा, पॉलिस्टर दोऱ्याने दुहेरी टीप मारा. कमरेला नुसतं इलॅस्टिक नको. घामाने आणि कमरपट्ट्याच्या वजनाने ते घसरतं. नेफ्यात नाडी आणि वरून दोन मोठे हूक, असा दुहेरी बंदोबस्त ठेवा. पदराला सेफ्टीपिन लावली की पाच-सहा प्रयोगांत भोक मोठं होतं. त्याऐवजी ब्लाउजच्या खांद्यात आतून कॅनव्हासचा तुकडा शिवून त्यावर हूक बसवा. ब्लाउज खणाचा असेल तर त्याचा पन्हा अरुंद असतो, म्हणून बाह्यांचा हिशेब खरेदीच्या आधीच करा.

आता विंगेतला, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातला, कपडेबदल. दोन प्रवेशांत चाळीस सेकंद मिळत असतील तर काजबटण विसरा. वेल्क्रो सगळ्यांना सोपं वाटतं, पण शांत प्रवेशात त्याचा फर्र आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो, आणि जाळीच्या कापडाला ते चिकटून बसतं. मोठी टिचबटणं किंवा पँटचे हूक बरे. दर्शनी बटणं वरून नुसती शोभेला शिवून घ्या. बाराबंदीचे सगळे बंदही बांधत बसायचे नाहीत; बाहेरून दिसणारे बंद गाठ मारून शिवून टाका आणि खाली दोन हूक द्या. कपडे ज्या क्रमाने अंगावर चढतात त्याच क्रमाने खुर्चीवर ठेवा, पहिला सगळ्यात वर. हे सगळं घड्याळ लावून रंगीत तालमीत करून बघा, तेही विंगेतल्या अंधारात.

प्रकाशयोजनाकाराशी कापड घेण्याआधी बोला. लाल प्रकाशात हिरवी आणि निळी साडी काळपट दिसते, पांढरंशुभ्र धोतर झगमगून चेहरा खाऊन टाकतं. तिथे मोतिया रंग घ्या. कॉलर माइक असेल तर टॅफेटासारखं करकरणारं कापड छातीपाशी नको, आणि ट्रान्समीटरसाठी पाठीकडे कमरेला आतून सुती खिसा हवाच.

प्रयोग संपल्यावर घामेजलेले कपडे थेट ट्रंकेत गेले की बुरशी आलीच. घामाच्या डागावर इस्त्री फिरवली तर तो कायमचा बसतो. बगलेत टिचबटणांनी लावलेले सुती पॅड ठेवा, ते रोज धुता येतात. जरीवर अत्तर मारू नये, डांबरगोळ्या तिला लागून ठेवू नयेत. मलमलीत गुंडाळणं उत्तम.

या क्षेत्रात शिरायचं तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पाया देतो. वेशभूषेचं संकल्पन, म्हणजे डिझाइन, शिकायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगतंत्र आणि संकल्पनाचं शिक्षण मिळतं. पण कपडेपट, म्हणजे नाटकाच्या कपड्यांचा विभाग, सांभाळल्याशिवाय हे काम कळत नाही, असं आमचं ठाम मत आहे. दौऱ्यावर एक हंगाम काढा: इस्त्री करा, उसवलेलं शिवा, प्रत्येक प्रवेशाचा तक्ता ठेवा. त्यात पात्र, कपडे, दागिने, पायातलं, बदलाला किती सेकंद आणि कुठली विंग, एवढं असलं की पुरे. कुठली शिवण आधी तुटते ते तिथेच दिसतं. कामाचे फोटो ठेवताना रंगमंचावरचा एक आणि कपडा उलटा करून आतल्या शिवणीचा एक, असे दोन ठेवा.

पैशांचं बोलणं सुरुवातीलाच आणि लेखी करा. वेशभूषेच्या संकल्पनाचे वेगळे, शिलाईचे वेगळे, प्रयोगाला हजर राहायची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, वेगळी. कापडाचे पैसे आगाऊ घ्या. दहा जणींच्या लावणीच्या ताफ्याला सारख्या साड्या लागतील तर अकरा घ्या, त्याही एकाच लॉटमधल्या, कारण नंतर आणलेल्या साडीचा रंग दिव्याखाली वेगळा पडतो. धुलाई कोणाकडे, प्रयोग बंद झाल्यावर कपडे कोणाचे, आणि दौऱ्यात फाटलं तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार, या तीन ओळी त्याच कागदावर हव्यात.