विझलेली शेगडी

पवना धरणाच्या काठावर, समोर तिकोना दिसतो अशा जागी आमचा कॅम्प आहे. मी तिथं पर्यवेक्षक म्हणून काम करते, त्याला आता सात वर्षं झाली. कॅम्प फक्त सभासदांसाठी आहे. पुण्या-मुंबईकडची कुटुंबं वर्षाची वर्गणी भरतात आणि सुट्टीला येऊन आपापले तंबू ठोकतात. कित्येकांच्या जागासुद्धा ठरलेल्या. कोणाला आंब्याखालचीच हवी, कोणाला पाण्याजवळची. पहिल्यांदा कडेवर बसून आलेली मुलं आज होडीत वल्हं मारतात. त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून कोणी पाहुणं राहत नाही, सगळे घरचेच होतात. त्या रात्री माझ्याकडून जी चूक झाली ती या घरचेपणातूनच झाली, म्हणून हे आधी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. शनिवार होता, बावीस तंबू लागले होते. चिंचवडचं एक कुटुंब आंब्याखाली उतरलं होतं: आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि आजी. आजींचे गुडघे धरलेले, पण नातवंडांबरोबर यायचा हट्ट त्यांचाच. संध्याकाळी खुर्ची पाण्याच्या कडेला ओढून त्या तिकोन्याकडे बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरी, इथं रात्री लई गारठा पडतो का गं?" मी एक जादा घोंगडी आणून दिली.

रात्री जेवण आमच्याच स्वयंपाकघरातलं होतं, भाकरी, भरीत आणि डाळ-भात. शिवाय त्यांनी घरून मसाला लावून आणलेलं चिकन स्वतः शेगडीवर भाजलं. शेगडी आमची, लोखंडी, तीन पायांची, आणि कोळसाही आमचाच. साडेदहाला मोठी शेकोटी आम्ही पाणी ओतून विझवली. अकराच्या फेरीत मला त्यांची शेगडी तंबूच्या दाराशी, वरच्या कापडाच्या आडोशाला दिसली. कोळशावर राख चढली होती. मी म्हटलं, "दादा, शेगडी उघड्यावर ठेवा." ते म्हणाले, "विझलीय हो ताई, आईला जरा ऊब." नियम मला माहीत होता. दुसरं कोणी असतं तर मी ती उचलून नेली असती. पण पाच वर्षांचे सभासद, शहाणी माणसं, आणि आजींचे गुडघे. मी पुढं गेले.

दोनच्या सुमाराला मुलाची आई ऑफिसशी आली. लेकाला दोनदा उलटी झाली होती. तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं. मागोमाग बाबा मुलीला घेऊन आले, तर तिचे पाय लटपटत होते आणि सारखी म्हणत होती, "बाबा, गरगरतंय." माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती चिकनची. दुपारपासून डब्यात होतं, वाटेत उन्हात गाडीत राहिलं असणार. आमचं जेवण सत्तरेक माणसांनी खाल्लं होतं आणि दुसरं कोणी उठलं नव्हतं. मी आजींबद्दल विचारलं. आई म्हणाली, "त्या शाकाहारी आहेत ना, त्यांना काही नाही. शांत झोपल्यात."

म्हणजे हिशेब जुळला. ज्यांनी चिकन खाल्लं त्यांना बाधलं, ज्यांनी खाल्लं नाही त्या ठीक. मी मीठ-साखरेचं पाणी केलं. कोरोनाच्या काळापासून ऑफिसात ऑक्सिमीटर असतो, तो चौघांच्या बोटांना लावला. आकडे आले ९८, ९७, ९८, ९८. तो आकडा बघून आम्हा सगळ्यांचे खांदे सैल पडले. मी म्हटलं, "ऑक्सिजन उत्तम आहे, पोट रिकामं झालं की बरं वाटेल."

यात वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं आजी तंबूत एकट्या होत्या.

मुलाला थंडी वाजत होती म्हणून मी त्याचा स्वेटर आणायला तंबूकडे गेले. दवानं वरचं कापड ओलंचिंब झालं होतं, दोन्ही चेन वरपर्यंत ओढलेल्या. आत टॉर्च मारला. आजी कुशीवर होत्या. मी हाक मारली. उत्तर नाही. गालाला हात लावला, कोमट होता. खांदा हलवला तर नुसतं "हं" म्हणाल्या आणि मान परत पडली. त्यांच्या पायांपासून दोन हातांवर, आतल्या बाजूला, शेगडी होती. विझलेली, पांढरी. मी शेजारच्या चमच्यानं राख उकरली. खाली लालबुंद निखारे होते.

तिथं मला सगळं कळलं. चिकनशी काही संबंध नव्हता. उलट, चिकन न खाल्लेली एकटी बाईच सगळ्यांत जास्त बेशुद्ध होती, कारण ती सगळ्यांत जास्त वेळ आत होती.

मी ओरडले. वॉचमन मामा धावत आले. गादीसकट धरून आम्ही आजींना बाहेर, वाऱ्याच्या बाजूला ओढलं. मामांनी शेगडी लांब नेली. एकीकडे १०८ ला फोन लावला. मी आजींना कुशीवर ठेवून श्वास मोजत बसले. बाकीच्या तंबूंतून माणसं उठून आली, कोणी शाल दिली, कोणी मुलांना मांडीवर घेतलं. गाडी यायला पस्तीस मिनिटं लागली. कामशेतकडून येणारा रस्ता, वळणं, धुकं. त्या पस्तीस मिनिटांत मी त्या बाईचा हात सोडला नाही.

गाडीतल्या डॉक्टरांनी आल्या आल्या आजींना ऑक्सिजनचा मास्क लावला, मग मुलांना, मग आईला. मी ऑक्सिमीटर पुढं केला, "डॉक्टर, पण सगळ्यांचे ९८ आहेत." ते म्हणाले, "कोळसा होता ना? मग या आकड्याकडे बघूच नका."

नंतर, आजींना गाडीत चढवताना आणि दुसऱ्या दिवशी फोनवर, त्यांनी मला नीट सांगितलं. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्वाळा आणि धूर संपला की माणसाला वाटतं धोका संपला, पण राखेखालचा निखारा तासन्‌तास तो वायू सोडत राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं त्याला घट्ट धरतं. म्हणजे हवेत तो थोडा असला तरी रक्तातली जागा तोच अडवून बसतो. आणि आपला बोटाचा ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक समजत नाही. दोन्ही त्याला लालच. म्हणून माणूस आतून गुदमरत असताना तो ९८ दाखवतो. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मी घेतलंय, त्यात सापाचं होतं, बुडण्याचं होतं, भाजण्याचं होतं. तंबूत सिगडी-शेगडी घेणाऱ्या माणसांचं नव्हतं, आणि मावळात थंडीत कॅम्प चालवणाऱ्याला सापाइतकीच याची गरज आहे.

साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. आजी आणि धाकटा, दोघांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. पहाटे पाचला बाबांचा फोन आला. आजींनी डोळे उघडले होते आणि पहिला प्रश्न केला होता, "पोरं कुठंयत?" मी ऑफिसच्या पायरीवर बसून रडले. मामा जवळ उभे राहिले, काही बोलले नाहीत.

बाबा अजून स्वतःला दोष देतात. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगते, शेगडी मी अकरा वाजता पाहिली होती. आईच्या गुडघ्यांसाठी मुलगा ऊब शोधणारच. ती दुसऱ्या वाटेनं देणं आमचं काम होतं.

तेव्हापासून दहा वाजता शेगड्या मोजून परत घेतो. बावीस दिल्या तर बावीस आल्या पाहिजेत. पाणी ओततो, काठीनं राख ढवळतो, परत पाणी ओततो, आणि हात वरून फिरवल्यावर ऊब लागली नाही तरच बाजूला ठेवतो. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी जाते, मागितली नाही तरी. ऑफिसात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणून ठेवलाय. काही जुने सभासद अजून कुरकुरतात, "आम्हालाही नियम?" त्यांना मी ती रात्र सांगते, सगळी, माझ्या चुकीसकट.

त्या घटनेनंतर आठ दिवसांनी आजींचा स्वतःचा फोन आला. आवाज बारीक होता. म्हणाल्या, "अगं, माझी घरची तपकिरी शाल तिथंच राहिली का? बघ जरा." शाल होती. कोळशाचा वास बसला होता तिला. मी दोनदा धुतली, उन्हात वाळवली आणि पुढच्या रविवारी चिंचवडला स्वतः नेऊन दिली.