मटण सोडलं, मग रोज जेवायला करता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न मला नवा नाही. सहा वर्षांपूर्वी कार्तिकीला आमच्या ह्यांनी पंढरपुरात माळ घातली. तेव्हापासून भावकीच्या लग्नात, पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या बाकड्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "मटण नाही, मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही? मग रोज करता तरी काय? पोट भरतं का त्यानं?" अलीकडे विचारणारे सगळे माळकरीच असतात असंही नाही. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाची सून शाकाहारी घरातली असते, कुणा कॉलेजच्या पोराला जनावर कापून खाणंच नकोसं झालेलं असतं. कारण कुठलंही असो, चुलीपाशी अडचण सगळ्यांना एकच येते.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत तेच चुकतं.

साताऱ्यात आमच्या घरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार ठरलेले होते. रविवारी मटण, मधल्या दोन वारी अंडी नाहीतर सुकट. माळ आली आणि हे तीन वार रिकामे झाले. त्या जागी मी बटाटा आणला. वांगं-बटाटा, फ्लॉवर-बटाटा, बटाट्याचा रस्सा, आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत पुन्हा बटाटा. चार महिन्यांत ह्यांचं वजन वाढलं, आणि तरी जेवून उठले की तासाभरात चिवड्याच्या डब्यात हात. "पोट भरलंय, पण जेवल्यासारखं वाटत नाही," म्हणायचे. मला राग यायचा. माझ्या हाताला नावं ठेवतायत असं वाटायचं.

मार्ग दाखवला सासूबाईंनी. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्या कोरेगाव तालुक्यातल्या, वय ऐंशीच्या पुढं. एका रविवारी माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "आमच्या येळंला मटण म्हंजी जत्रंला न् धुळवडीला. बाकीचं वरीसभर काय उपाशी निजत हुतो व्हय? घेवडा हुता, हुलगा हुता, पावटा हुता. रस्सा त्येचाबी तसाच करायचा. तू त्येला पान्यात शिजवून मोकळी हुतीस."

खरं होतं ते. मटणाच्या दिवशी मी सकाळपासून कांदा-खोबरं भाजायची, वाटण पाट्यावर नाही तरी मिक्सरला दोनदा फिरवायची, घरभर वास सुटायचा आणि पोरं तासभर आधीच भाकरी झाली का विचारायची. मटकीला मात्र फोडणी, पाणी, मीठ, झालं. मटण सुटलं की जीव तळमळतो तो मांसाच्या तुकड्यासाठी कमी आणि त्या रश्शासाठी जास्त. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, वरचा लाल तवंग आणि भाकरी चुरून खावी असा काहीतरी ऐवज. हे सगळं कडधान्याला देता येतं. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

आता रविवारचा घेवडा. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, अंगावर लालसर पट्टे असलेला, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो मिळाला तर उत्तमच, नाहीतर कुठलाही राजमा चालेल. शनिवारी रात्री धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला, आठ तास तरी हवेत. सकाळी ते पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा. दाणा बोटात सहज मोडला पाहिजे. घेवडा कच्चट राहिला तर नुसता गॅस होत नाही, उलट्या-जुलाब होतात. म्हणून मंद आचेवर अर्धवट शिजवलेला घेवडा कधीच वाढू नका.

वाटणाला दोन कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस करायचे. अर्धी वाटी सुकं खोबरं किसून भाजायचं, एक चमचा तीळ, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर. सगळं बारीक वाटायचं. पातेल्यात तेल जरा सढळ घ्या, त्यात वाटण घालून कडेनं तेल सुटेपर्यंत परता. इथं घाई केली की रस्सा कच्चा लागतो. मग कांदा-लसूण मसाला, ज्याला आम्ही नुसती चटणी म्हणतो, दोन चमचे. चटणी तेलात पडली की लगेच घेवड्याचं शिजलेलं पाणी ओता, नाहीतर करपून कडू होते. मूठभर शिजलेला घेवडा रगडून रश्शात सोडा, त्यानं दाटपणा येतो. नंतर बाकीचा घेवडा, मीठ, आणि झाकण ठेवून वीस मिनिटं बारीक आच. बरोबर ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. पहिल्यांदा असा केला त्या दिवशी हे तीन भाकरी जेवले आणि चिवड्याचा डबा कुणी उघडला नाही.

असाच दुसरा आधार म्हणजे अख्खा मसूर. कराड-सांगलीकडच्या महामार्गावर ढाब्याढाब्यांवर त्याच्या पाट्या आहेत. मटण खाणारे ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवून मोठ्या रोटीबरोबर तो खातात. बुधवारी ऑफिसातून, शेतातून उशिरा आलात तर यासारखं सोपं काही नाही. मसूर तासभर भिजला तरी पुरतो, नाही भिजला तर दोन शिट्ट्या जास्त. कांदा-टोमॅटो लाल परतायचा, लसूण जास्त, तीच चटणी, शेवटी लोण्याचा गोळा. चाळीस मिनिटांत ताट.

थंडीत मात्र शेंगोळे करा. माण-खटावच्या कमी पावसाच्या रानात हुलगा येतो. घोड्याचं खाणं म्हणून शहरात त्याला नाक मुरडतात, पण शंभर ग्रॅम हुलग्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, ओवा, चटणी, मीठ घालून घट्ट मळायचं. तळहातावर वळून त्याची लांबोडकी कडी करायची. लसणाची खमंग फोडणी देऊन पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक सोडायची. हात धुतलेलं पिठाचं पाणीही त्यातच ओतायचं, रस्सा त्यानं मिळून येतो. आत्या म्हणतात, शेंगोळे खाल्लेला माणूस रात्रीचं पांघरूण मागत नाही. आमच्या घरात वरण-भात नको म्हणणारी नात शेंगोळे मोजून खाते.

बाकीचे दिवस पटकन सांगते. डब्याला कोरडं लागतं, तिथं डाळकांदा, मटकी, झुणका. नाश्त्याला नुसते पोहे करण्यापेक्षा त्यात मोड आलेले मूग आणि शेंगदाणे सढळ हातानं घाला, किंवा भिजवलेल्या मुगाची धिरडी. रात्री खिचडी केलीत तर दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे माप सोडून द्या, निम्मं-निम्मं घ्या. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट हात आखडून घालू नका. ताटात दह्याची वाटी रोज.

"प्रोटीनचं काय?" हा पुढचा प्रश्न. जिमला जाणारी पोरं विचारतात आणि त्यांच्या आयाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली सांगितलेलं माप आहे, मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. धान्य-डाळींवर राहणाऱ्यानं त्याहून थोडं जास्तच धरावं. मी एकदा वजनकाटा घेऊन ह्यांचं दिवसाचं खाणं मोजलं. चार भाकऱ्यांचं २०० ग्रॅम पीठ, त्यात वीस ग्रॅम. ६० ग्रॅम कोरडं कडधान्य, त्यात तेरा-चौदा. एक पेला दूध सहा, दह्याची वाटी चार, मूठभर शेंगदाणे सात. बेरीज पन्नासला टेकली. यात पनीर नाही की कसली पावडर नाही. पण कडधान्य आणि शेंगदाणे काढून तिथं बटाटा ठेवा, वीस ग्रॅम तिथंच गेले. आमचं पहिल्या चार महिन्यांत हेच झालं होतं. भाकरी आणि उसळ एकत्र खाण्यालाही अर्थ आहे. धान्यात जे कमी असतं ते कडधान्य भरून काढतं, आणि कडधान्यात जे कमी ते धान्य.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल बायका हमखास विचारतात. शंभर ग्रॅम वड्यांत पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, स्वस्त आहेत, दुकानात कुठंही मिळतात. मिठाच्या पाण्यात उकळा, थंड पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळा, मग मसाल्यात परता. न पिळता घातल्या तर उग्र वास राहतो आणि एकदा नावडल्या की माणूस पुन्हा हात लावत नाही. आमच्या ह्यांना मात्र त्या मटणासारख्या दिसतात म्हणून नकोत, आणि मी आग्रह करत नाही. माळ घातलेल्या माणसाच्या ताटात मटणाचा देखावा कशाला? मी त्या भिजवून मिक्सरला भरड करते आणि वाटाण्याबरोबर सुक्या भाजीत घालते, तशा ते खातात.

सुरुवातीला पोट फुगेल, हे आधीच सांगून ठेवते. एकदम रोज घेवडा-हुलगा सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस मूग आणि मसूर, मग मटकी, मग घेवडा. हिंग-ओवा वापरा. जेवणावर लिंबू पिळा, कारण डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला आंबटाची मदत होते. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तो तेच लोह अडवतो. आमच्याकडं ही चहाची सवय मोडायला मटण सोडण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

आता जे मला कळकळीनं सांगायचं आहे ते. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व डाळीत नाही, भाजीत नाही, भाकरीत नाही. दूध-दह्यात थोडं असतं. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून मटण सोडल्यावर लगेच काही कळत नाही. ह्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या त्या तिसऱ्या वर्षी. चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही. आम्ही शुगर असेल म्हणून दोन महिने काढले, तेल चोळलं. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ फार खाली गेलेलं निघालं. इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे, मुंग्या गेल्या. मुंग्या, थकवा, विसराळूपणा यांची वाट बघू नका. मांसाहार सोडून वर्ष झालं की एकदा तपासून घ्या, आणि गोळी की इंजेक्शन ते डॉक्टरांना ठरवू द्या. माळकऱ्यांसाठी एक सांगते. औषधाच्या कॅप्सूलचं वेष्टण बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरापासूनचं असतं. डॉक्टरांना तसं सांगितलं तर ते साधी गोळी लिहून देतात. लाजून औषधच न घेणारे मी पाहिलेत, तसं करू नका.

घरात सगळ्यांनी एकदम सोडलं पाहिजे असंही नाही. आमचा मुलगा बाहेर अंडी खातो. हे त्याला काही बोलत नाहीत, तो घरात आणत नाही. एवढ्यावर आमचं निभतं.

राहिली जत्रा. नवीन सोडलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथं असते. माझ्या माहेरी चैत्रात जत्रा असते आणि दारोदार बोकड पडतं. माळकऱ्यांचं वेगळं करतात, नाही असं नाही, पण एका कोपऱ्यात पातळ पिठलं-भात आणि शिरा. पहिल्या वर्षी हे त्या कोपऱ्यात दहा मिनिटांत जेवून उठले. पलीकडच्या पंगतीत तास-दीड तास हसणं-खिदळणं चाललं होतं. माझ्या पोटात कालवलं. दुसऱ्या वर्षी मी आदल्या दिवशीच गेले, दोन किलो घेवडा भिजत घातला आणि भावाच्या चुलवणाशेजारी दुसरं चुलवण मांडलं. तेच वाटण, तीच चटणी, तसाच कट. माळकरी पंगत त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली. मटणाच्या पंगतीतल्या दोन चुलत्यांनी रस्सा मागून घेतला आणि माझा घेवडा संध्याकाळच्या आत संपला.

आता दरवर्षी भावाचा फोन येतो, "ताई, यंदा किती भिजवू?" तुमच्याकडंही कार्य असेल तर माप लिहून ठेवा. किलोभर कोरड्या घेवड्याला पंधरा माणसं धरा, त्याला पाव किलो सुकं खोबरं, किलोभर कांदा आणि दोन गड्डे लसूण. आणि भाकऱ्या नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त थापा.