शब्दाचा सांधा सापडला तेव्हा: नॉर्वेजियन शिकतानाचा माझा अनुभव

ओस्लोला आल्यावर निवास परवान्याच्या कामासाठी मी एका कार्यालयात गेलो आणि त्या परवान्याचे नाव, 'ऑपहॉल्सतिल्लातेल्से', उच्चारले. त्यातली सहाही अक्षरे मी मराठीच्या सवयीने सारख्याच जोराने म्हटली, त्यामुळे खिडकीपलीकडच्या बाईंना त्यांतून शब्दच ऐकू येईना. शेवटी तो कागदावर लिहून दाखवावा लागला.

संध्याकाळच्या भाषावर्गातील शिक्षिकांनी सांगितले, की लांब शब्द दिसला की वाचण्याआधी त्याचा सांधा शोधायचा. 'ऑपहॉल' म्हणजे वास्तव्य, 'तिल्लातेल्से' म्हणजे परवानगी आणि मधला 'स' केवळ जोडणारा. ओळीअखेर शब्द तोडताना तो पहिल्या पदाकडेच राहतो. मुख्य आघात 'ऑप'वर, दुय्यम आघात 'तिल'वर, आणि बाकीची अक्षरे हलकी. लिंग मात्र शेवटचे पद ठरवते, जसे आपल्या 'देवघरा'चे लिंग 'घर' ठरवते. तत्पुरुष समास शाळेत शिकलेला असल्यामुळे हे मला लगेच पटले, जिभेला वळण लागायला मात्र कित्येक महिने गेले. रोज रात्री दहा शब्द घेऊन मी पेन्सिलीने सांधा दाखवायचो आणि पहिल्या पदावर टेबलावर बोट आपटत ते मोठ्याने म्हणायचो.

सर्वांत जास्त वेळ 'सॉमेटी' या शब्दाने घेतला. 'सॉमेर' म्हणजे उन्हाळा आणि 'ती' म्हणजे वेळ. पण ओस्लोच्या बोलीत 'र' आणि 'त' एकत्र येऊन 'ट' होतो, त्यामुळे ज्या जागी लेखनात शब्द तुटतो, तिथेच उच्चारात दोन्ही पदे एकजीव होतात. हा 'ट' आपल्या तोंडात मुळातच असतो, हे ध्यानात आल्यावर मला फार आनंद झाला. बसथांब्याचा 'बुस्सतॉप' उलट आहे: 'बुस्स' आणि 'स्तॉप' जोडताना तीन 'स' यायला हवेत, लिहितात दोनच, शब्द ओळीअखेर तुटला, की तिसरा परत येतो.

तोंडी परीक्षेत मी हे सर्व शब्द न अडखळता म्हटले. सुराचे काम अजून बाकी आहे: ओस्लोत आघाताचे अक्षर खालच्या सुरात येते, पश्चिम नॉर्वेतल्या बर्गन शहरात वरच्या, आणि तिकडच्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना मला सांधा पुन्हा नव्याने शोधावा लागतो.