अडीच तास

आज रात्री आठ वाजता जहाजावरच्या फोनची माझी पाळी आली आणि तिकडे घरी माझी लेक ओवी झोपलेली होती. घडले ते एवढेच. वसुधाने "उठवू का?" म्हणून विचारले, मी नको म्हणालो, आणि उरलेली मिनिटे आईच्या डोळ्यांचे थेंब व शाळेचा कसला तरी फॉर्म यांत संपली. फोन ठेवून मेसमध्ये आलो. पहाटे चारचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, आहे, म्हणजे आतापर्यंत झोपायला हवे होते. पण मघापासून बंकवरच्या छोट्या दिव्यात हे लिहीत बसलो आहे, कारण एवढ्याशा गोष्टीचे इतके का लागले, हे मलाच उमगत नाही.

मागच्या पाळीलाही रात्रीचे आठच वाजले होते. तेव्हा जहाजावर डेल्टा वेळ होती, म्हणजे ग्रीनिचच्या चार तास पुढची; घरी साडेनऊ झालेले होते, आणि ओवी दहाला झोपते. काल मध्यरात्रीनंतर दोनाचा पुन्हा एक केला आणि आम्ही चार्ली वेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या तीन तास पुढे, आलो. हिशेब अगदी सरळ आहे. पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते. आपली प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशाची आणि इथली 45 पूर्व रेखांशाची. मधल्या साडेसदतीस अंशांचे अडीच तास होतात. परीक्षेला हे गणित मी झरझर सोडवले होते. त्या उत्तराच्या पलीकडच्या टोकाला कोणी पेंगुळलेले, वाट पाहून कंटाळलेले असेल, हे तेव्हा कशाला डोक्यात येणार होते?

अधिक खुपते ते वेगळेच. घड्याळे मागे जाणार असल्याचा पाइप, म्हणजे जहाजभर ऐकू जाणारी घोषणा, झाला तेव्हा सगळा मेस खूश होता, कारण पश्चिमेकडे जाताना झोपेला एक तास जास्त मिळतो. मिडल वॉचच्या, म्हणजे रात्री बारा ते चारच्या, लोकांना चारऐवजी पाच तास उभे राहावे लागले, पण मी बाराला सुटलो होतो आणि आठपर्यंत मोकळा होतो. तो जास्तीचा तास मी गाढ झोपलो, सकाळी उठल्यावर बरेही वाटले. आणि आता असे वाटते आहे की तो तास माझ्या पदरात पडला तो ओवीच्या संध्याकाळीतून काढून. हे म्हणणे तर्काला धरून नाही, हे मला कळते. घड्याळ मागे केल्याने कोणाचाही तास जात नाही. सिग्नल तर सगळे झुलू वेळेनेच, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनेच, जातात, त्या वेळेला ना रात्र ना संध्याकाळ. तरीही मन तिथेच घुटमळते. जहाज पुढे गेले आणि मी घराच्या मागे पडलो, असे काहीसे ते आहे. तिकडे दिवस आटोपून दिवे मालवले जातात, तेव्हा माझी रात्र नुकती सुरू झालेली असते. मी फोन हातात घेतो तोवर त्यांचे सांगण्याजोगे सगळे एकमेकांना सांगून झालेले असते.

उपग्रहावरून आवाज जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागतो. इतक्या तैनात्यांनंतर त्याची सवय झाली आहे, आपण थांबून बोलायला शिकतो. पण आज मी "नको" म्हटल्यावर जी शांतता आली, त्यातली उपग्रहाची किती आणि वसुधाची किती, हे मला ठरवता आले नाही. त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही.

सहा ते आठ मी ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाजूच्या उघड्या सज्जावर, लुकआउट म्हणून समुद्रावर नजर ठेवून होतो. वॉच घेतला तेव्हा थोडा उजेड शिल्लक होता. या एडनच्या आखातात व्यापारी जहाजांसाठी आखलेला मार्ग सुमारे 490 सागरी मैलांचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाच-पाच मैल रुंद पट्ट्या आणि मध्ये दोन मैल मोकळे पाणी. चौदा नॉटने, म्हणजे ताशी चौदा सागरी मैलांनी, चालणाऱ्या जहाजाला तो ओलांडायला पस्तीस तास लागतात, आणि ते पस्तीस तास चाच्यांपासून राखण करत त्यांच्या आसपास राहणे हे आमचे काम. ऑक्टोबर 2008 पासून आपल्या नौदलाचे कोणते ना कोणते जहाज इथे हे करत आले आहे. नैर्ऋत्येचे वारे सुरू व्हायला अजून अवकाश आहे, समुद्र सपाट आहे, आणि सपाट समुद्रातच लहान होड्या लांबवर येतात, म्हणून या दिवसांत लुकआउटला डोळे जास्त ताणावे लागतात. होडीत जाळे आहे की शिडी, हे आधी पाहायचे. शस्त्र दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, कारण इथले मच्छीमारही स्वतःच्या रक्षणासाठी ते बाळगतात. शिडीचे मात्र मासेमारीत काहीच काम नसते, ती चाच्यांना जहाजावर चढायला लागते.

आज उजव्या अंगाला एक होडी दिसली. दुर्बिणीत धरून मी तिची माहिती आत दिली: एक इंजिन, दोन माणसे, निळे जाळे, शिडी नाही. मग नीट पाहिले तेव्हा जाळ्याच्या ढिगावर तिसरे कोणीतरी आडवे झालेले दिसले, सात-आठ वर्षांचा मुलगा, तोंडावर हात घेऊन झोपलेला. मी तीन माणसे अशी दुरुस्ती कळवली. होडी हळूहळू मागे पडली, पुढे अंधारात दिसेनाशी झाली, आणि उरलेला सगळा वॉच मी ओवीला काय विचारायचे ते ठरवत उभा होतो. कदाचित म्हणूनच आठ वाजता एवढे लागले.

इथवर लिहिले आणि चीफ फोनची नवी यादी लावायला मेसमध्ये आले. मी उठून त्यांना माझी अडचण सांगू लागलो, तर ते मध्येच म्हणाले, "लहान पोरं असलेल्या सगळ्यांची नावं सकाळपासून माझ्याकडे आली आहेत, तुझंच राहिलं होतं." सकाळी घड्याळ पाहताच बाकीच्यांनी हा हिशेब केला होता आणि त्यांच्याकडे जाऊनही आले होते. आता सहा ते सातच्या पाळ्या मुले असलेल्यांना दिल्या आहेत. लग्न न झालेले सगळे आठनंतर गेले, आणि त्यांपैकी कोणी कुरकुर केली नाही असे चीफ म्हणाले. यादीसमोर उभा राहून मी ती नावे वाचली. दिवसभर ज्यांच्या शेजारी उभा होतो, जेवलो, त्यांच्याही मनात हेच अडीच तास होते, आणि मी मात्र ते माझ्या एकट्याचे समजून कुढत बसलो होतो. दुःख कमी झाले असे नाही, पण ते आता बंकच्या पडद्याआड एकट्याने सांभाळण्याजोगे राहिलेले नाही.

संध्याकाळचे चार ते सहा आणि सहा ते आठ हे डॉगवॉच दोन-दोन तासांचे असल्यामुळे दिवसाचे वॉच सात होतात आणि पाळी रोज पुढे सरकते. रविवारी माझा चार ते सहाचा वॉच आहे. यादीत माझे नाव सव्वासहाला आहे. तिकडे पावणेनऊ झालेले असतील. वसुधाला तसा मेल आताच लिहून ठेवतो, पहाटेच्या वॉचनंतर पाठवता येईल. शाळेचा तो फॉर्म कशाचा होता, तेही त्यातच विचारतो, कारण मघाशी मी ते ऐकलेच नाही.